स्मारक शिष्यवृत्ती : एक विचार
(कलशारोहण समारंभातील भाषण)



श्रींच्या कृपेने कळस चढला. वर्गणीदारांची नावे फरशीवर कोरलीही गेली. आता गावच्या दिवंगत गुरुजींच्या नावाने हायस्कूलच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती काढावी अशी सूचना पुढे आली आहे. तिच्याविषयी हे चार शब्द.

मुंबईचे नाना शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांचा पुतळा एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. तो मुद्दाम पाहायला जाणारे किती निघतील? पण १८६६ पासून मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती मिळू लागली आणि त्यांचे नाव घरोघर पोचले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ साली मिळवली. हेच देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

परंतु तो गुणांचा मान होता. गरजेची मदत ही निराळी गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील १९१३ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. यातले ‘दरमहा’ आणि ‘तीन वर्षे’ हे दोन शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एकदाच पाकीट देऊन फोटो काढला, तर पाकीट दिवाळीपर्यंतही पुरत नाही.

खेड्यातला मुलगा दहावीनंतर अडतो तो बहुधा फीमुळे नव्हे. एसटी विद्यार्थ्याच्या पासाला दोन-तृतीयांश सवलत देते, पण उरलेला तिसरा हिस्सा, वह्यापुस्तके, खोलीचे भाडे आणि खानावळ हे सगळे घरच्यांवर पडते. मुलीच्या बाबतीत तर खर्चाचे निमित्त होते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. हे सर्वांना ठाऊक आहे, उघड बोलत मात्र कोणी नाही.

आता पैशाचे. जीर्णोद्धाराच्या पावतीवर जमलेला पैसा शिल्लक असला तरी परस्पर शिष्यवृत्तीकडे वळवता येत नाही. दात्याने तो मंदिरासाठी दिला आहे. त्यामुळे वेगळा ठराव, वेगळे पावतीपुस्तक व वेगळे बँक खाते हवे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून नीट विचारूनच पुढे जावे. मुद्दल मुदतठेवीत राहावे व फक्त व्याज वाटावे. समजा दोन लाख जमले आणि शेकडा सहा दर मिळाला, तर वर्षाचे बारा हजार, म्हणजे महिना एक हजार होतात. त्यात एकच विद्यार्थी बसतो. दोघांना पाचपाचशे देण्याचा मोह होईल, पण पाचशेत दोघेही अडून बसतील. पुढे महागाई वाढणार, तेव्हा दरसाल थोडे व्याज मुद्दलात टाकलेले बरे.

निवड कोणी करावी हा नाजूक प्रश्न आहे. मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि गावाबाहेरचा एक जाणकार अशी समिती असावी. विश्वस्तांच्या घरातील मुलांनी पहिली पाच वर्षे अर्ज करू नयेत, म्हणजे कुजबूज आपोआप थांबेल. गुण पाहावेत, पण घरची परिस्थिती आधी पाहावी. अर्ज एका पानाचा असावा. दाखल्यांसाठी बापाची चार दिवसांची मजुरी बुडाली, तर त्या मदतीत अर्थ काय राहिला?

वेगळे पावतीपुस्तक सभामंडपातील टेबलावर ठेवले आहे. पहिली पावती फाडली गेली आहे. देणाऱ्याने आपले नाव फरशीवर नको म्हणून सांगितले आहे.