फोनवर काय टाकायचं, ते आधी ठरवू
(प्रभागसंघाच्या सभेतील बोलणे)



'डिजिटल मार्केटिंग' आणि 'कंटेंट मार्केटिंग' हे शब्द हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतात. दोन्ही एकच, असं समजू नका. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूबवरून गिऱ्हाइकापर्यंत पोचणं, पैसे भरून जाहिरात लावणं, हे सगळं डिजिटल मार्केटिंग. आणि गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काही सांगत राहून त्याचा विश्वास मिळवणं, हे कंटेंट मार्केटिंग. हे काम फोनच्या फार आधीचं आहे बरं का! अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ साली 'द फरो' नावाचा शेतकऱ्यांसाठीचा अंक सुरू केला. त्यात शेतीची माहिती असायची. तेव्हा कुठला आलाय मोबाईल?

आता आपली कुरडई घ्या. पाकिटाचा फोटो आणि खाली 'ऑर्डर करा', एवढंच रोज टाकलं तर लोक अंगठ्याने पुढे सरकवतात. दोनशे रुपये भरून बूस्ट केलं, तरी तेच पाकीट जास्त लोकांनी बघितलं, इतकंच. पैसे मात्र गटाचे गेले. त्यापेक्षा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतो, मग वाटून चीक गाळतो, निवळला की वरचं पाणी काढतो, गुठळी होऊ नये म्हणून हाटत राहतो, गरम असतानाच सोऱ्यातून पाडतो आणि कडक उन्हात वाळवतो, हे दाखवा. शहरातल्या कितीतरी जणींनी ते कधी पाहिलेलंच नसतं. चीक हाटतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिला की 'एवढी महाग का?' हे विचारणं पुष्कळ कमी होतं. मग एक दिवस तळायची कशी ते सांगा. तेल नीट तापलं नाही तर कुरडई फुलत नाही, नुसती तेल पिते.

विषय शोधत बसू नका. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते वहीत लिहा. एक प्रश्न, एक पोस्ट.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचं एक लक्षात ठेवा. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रदर्शनात पाकीट देताना म्हणा, "ताई, नंबर सेव्ह करा, तळायचा व्हिडिओ पाठवते." नुसतं 'नंबर सेव्ह करा' म्हटलं तर कोण करणार?

आणखी एक. दुसऱ्याचे फोटो उचलू नका. 'आमच्या नाचणीने साखर बरी होते' असलं काही तर मुळीच लिहू नका. खाण्याच्या मालावर रोग बरा करण्याचा दावा कायद्याला चालत नाही, आणि एखाद्या आजीबाईने ते वाचून गोळ्या सोडल्या तर?

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने गिऱ्हाइकांनी विचारलेले पाच प्रश्न लिहून आणा. जिच्याकडे चांगला फोन आहे तिने तो चार्ज करून आणा. पहिला व्हिडिओ इथेच करू.