पायांतील जोडा : निवड आणि निगा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही विषय विचारला. "गुरुजी, मुलांना उपयोगी पडेल असे काहीही बोला," असे उत्तर मिळाले. आम्ही तर साधे मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. वेदान्त किंवा अर्थशास्त्र यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून आम्ही सर्वांत खालचा, म्हणजे पायांतील जोड्याचा, विषय निवडला आहे. कोणी हसेल, तर त्याने खुशाल हसावे. परंतु या विषयाकडे आम्ही का वळलो, ते शेवटी सांगू. तोवर कृपा करून धीर धरावा.

आमचे वडील आयुष्यभर वहाणांवर राहिले आणि शेतात तर अनवाणीच. बूट नावाची वस्तू आमच्या पायांत प्रथम चढली ती १९७९ साली, शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना. तीही स्वतःची नव्हती. शेजारच्या आळीतील एका स्नेह्याकडून मागून आणलेली होती. बूट एक नंबर लहान होता. एस. टी. स्थानकापासून कचेरीपर्यंत चालेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. आम्ही खोलीत शिरलो, तेव्हा समितीतील एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या काळजीने विचारले, "पायाला काही व्यंग आहे काय?" नोकरी मिळाली, हे आमचे भाग्य. परंतु जोड्याविषयीचा पहिला धडा आम्ही त्या दिवशी शिकलो : दिसण्यापूर्वी माप.

तेव्हा प्रथम मापाचेच सांगतो. आपल्या दुकानांतून बहुधा इंग्रजी नंबर चालतो. त्यात एका नंबराने लांबी एक तृतीयांश इंच वाढते. परंतु नंबर ही केवळ लांबी झाली. पायाला रुंदी असते, पाठीला उंची असते, आणि आपले दोन्ही पायही बहुधा तंतोतंत सारखे नसतात. म्हणून दोन्ही पायांत जोडा घालून पाहावा आणि मोठ्या पायाला होईल तोच घ्यावा. खरेदीस सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे फुगतात. सकाळी नेमका बसलेला जोडा संध्याकाळी चावू लागतो. जे मोजे नित्य वापरावयाचे तेच घालून जावे. उभे राहून पाहावे : सर्वांत लांब बोटापुढे आडव्या अंगठ्याएवढी, म्हणजे सुमारे अर्धा इंच, जागा राहिली पाहिजे. पायाचा चवडा बुटाच्या सर्वांत रुंद भागातच आला पाहिजे. चालताना टाच वर निसटता कामा नये. दुकानदार म्हणतो, "वापरून सैल होईल." रुंदीत चामडे किंचित सैल होते, हे खरे, लांबीत ते वाढत नाही. ज्या जोड्यात पहिल्याच दिवशी बोटे दुमडतात तो कितीही देखणा असो, परत करावा.

येथे एक शास्त्रीय माहिती देणे योग्य होईल. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था ही १९४८ साली स्थापन झालेली नामांकित सरकारी संस्था आहे. तिने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. आपले पाय पाश्चात्त्यांच्या पायांपेक्षा सामान्यतः अधिक रुंद असतात, असे त्यातून दिसून आले. आपल्या दुकानांतील पुष्कळसे बूट परकीय मापांच्या कलबुतावर बेतलेले असतात. मग आपला मनुष्य रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतो आणि पुढे पोकळ, मागे सैल असा फटक-फटक चालतो. त्यावर उपाय मोठा नंबर हा नव्हे. त्याच नंबरात रुंद ठेवणीचा जोडा मागावा आणि निमुळत्या टोकाच्या मोहात पडू नये.

आता प्रकार पाहू. नाडीच्या बुटाचे मुख्य प्रकार दोन. एकास ऑक्सफर्ड म्हणतात. त्यात नाडीच्या भोकांच्या दोन्ही पाळ्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात. त्यामुळे तो बंद, चापूनचोपून दिसतो. दुसऱ्यास डर्बी म्हणतात. त्यात त्या पाळ्या वरून शिवलेल्या असतात व नाडी सोडताच दोहों बाजूंस उघडतात. ज्यांच्या पायाची पाठ उंच किंवा चवडा रुंद, त्यांस डर्बी सुखाचा. आणि आपल्यापैकी बहुतेक याच वर्गातले. पहिला जोडा घेणाऱ्या तरुणास आमचा सल्ला असा की, साधा, काळा, नक्षी नसलेला डर्बी घ्यावा. तो मुलाखतीस चालतो, कचेरीत चालतो, लग्नकार्यात चालतो आणि कोणाच्या मरणाच्या दारीही अशोभनीय दिसत नाही. कंबरेचा पट्टा बुटाच्या रंगाचा असावा. मोजे विजारीच्या रंगास जुळणारे आणि खुर्चीवर बसल्यावर पोटरी उघडी पडणार नाही इतके उंच असावेत.

चामडे कसे ओळखावे? "अस्सल चामडे" असा छाप पाहून भुलू नये. हलक्यात हलक्या चामड्यावरही तो मारता येतो. जोडा हलकेच दुमडून पाहावा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि हात सोडताच बऱ्याचशा विरतात. रेक्झिनवर ठळक घडी पडते व पुढे तेथेच ते तडकते. कापलेली कड दिसत असेल, तर चामड्याचे तंतू दिसतील. कृत्रिम मालाच्या कडेला कापडाचा थर दिसतो. तळाचीही चौकशी करावी. तो नुसता चिकटविलेला आहे की शिवलेला? शिवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो, म्हणून तो महाग असूनही स्वस्त पडतो. मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडे चामड्याचा तळ निभत नाही, रबराचाच बरा.

तळाचा विषय निघाला म्हणून आमची एक फजिती सांगतो. २००८ साली आम्ही एक भारी किमतीचा जोडा घेतला. आपण गरिबीतून आलेली माणसे. चांगली वस्तू वापरण्यापेक्षा ठेवण्यात आपल्याला समाधान वाटते. दोनदा वापरून आम्ही तो खोक्यात घालून कपाटात ठेवला, "मुलीच्या लग्नात घालू" म्हणून. २०१४ साली लग्न ठरले. सीमांतपूजनाच्या सायंकाळी व्याह्यांना सामोरे जाण्यासाठी आम्ही कार्यालयाच्या दाराशी गेलो, तो पायाखाली काही कुरकुरले. मागे पाहतो तर तांबड्या सतरंजीवर काळ्या भुग्याची रांग! सहा वर्षांत तळाचा चुरा झाला होता. आमचा चेहरा उतरला. व्याह्यांनी एकदा खाली पाहिले, काही न बोलता आपलेही बूट काढून बाजूला ठेवले आणि आमचा हात धरून म्हणाले, "चला, आतमध्ये कुठे घालायचेत?" आम्ही दोघे अनवाणीच आत गेलो. मुलगी चांगल्या घरी पडली, ही खात्री आम्हांस त्या क्षणी झाली.

पुढे चौकशी केली तेव्हा कारण कळले. हल्ली पुष्कळ बुटांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या हलक्या पदार्थाचे असतात. हवेतील ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होते. जोडा नुसता पडून राहिला तरी ते थांबत नाही. यास्तव ठेवणीतील जोडा कार्याच्या आठ दिवस आधी काढून, वाकवून व घरात चालून पाहावा. त्याहून बरे म्हणजे, घेतलेली वस्तू वापरावी.

आता निगा. तिचे पहिले सूत्र विश्रांती. दिवसभरात पायाचा घाम जोड्यात मुरतो; एका रात्रीत तो पुरता वाळत नाही. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. एकच असेल, तर घरी येताच नाडी सोडून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून तो वाऱ्याला ठेवावा. कागद ओल शोषतो व आकारही राखतो. पावसात भिजला, तर बोळे दोन-तीनदा बदलावेत आणि पंख्याखाली सावकाश वाळू द्यावा. चुलीपाशी किंवा उन्हात कदापि ठेवू नये. चामडे कडक होऊन फुटते. श्रावणात बुरशी आली, तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी, मग पाण्यात थोडा सिरका मिसळून त्या ओलसर फडक्याने पुन्हा पुसावे व सावलीत वाळवावे.

दुसरे सूत्र स्वच्छता. पॉलिश करण्यापूर्वी नाडी काढावी, ब्रशने धूळ झाडावी, विशेषतः शिवणीतील. कारण धुळीवर पॉलिश चोळणे म्हणजे चामड्यावर वाळू चोळणे होय. मग दमट फडक्याने पुसून वाळू द्यावे. पॉलिश अगदी पातळ लावावे. दहा मिनिटे थांबून ब्रश फिरवावा आणि शेवटी मऊ सुती कापड. जुन्या धोतराचा तुकडा या कामी उत्तम. स्पंजाच्या डबीतील झटपट पॉलिशने चमक येते; चामड्याचे पोषण होत नाही. आपली वडील मंडळी वहाणांना तेल पाजीत; कोल्हापुरी वहाणेला ते मानवते, कारण तिचे चामडे बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले जाड कातडे असते. बुटास तेल पाजल्यास तो ढिला पडतो आणि त्यावर पॉलिश धरत नाही.

तिसरे सूत्र वेळेवर दुरुस्ती. टाचेची खालची चकती झिजली की लगेच बदलावी; झीज वर चढली की खर्च वाढतो, चालही वाकडी होते. आणि टाच मोडून, बूट सपातासारखा पायांत सरकवू नये. नाडी सोडूनच पाय घालावा. शाळेत चाळीस मुलांपैकी तीस मुले हा गुन्हा करीत, हे आम्ही रोज पाहिले आहे.

बंधुभगिनींनो, इथवर जोड्याचे झाले. आता जोडा करणाऱ्याविषयी थोडे बोलणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या लहानपणी गावचे चर्मकार वडिलांच्या वहाणांचे माप घ्यावयास येत. ते अंगणाच्या कडेला उभे राहत. माप घेऊन ते गेले की आमची आई त्या जागी पाणी शिंपडी. अस्पृश्यता घटनेने १९५० सालीच नाहीशी केली होती. आमच्या अंगणात ती १९६८ सालीही नांदत होती. आई वाईट नव्हती; तिला कोणी दुसरे शिकविले नव्हते. परंतु त्यांच्या हातच्या वहाणा घालून वडील आठ मैलांवरच्या बाजाराला जात, आणि ते पाय सुखरूप ठेवणाऱ्याला आम्ही ओटीवर बसविले नाही, हे आठवले की आज मान खाली जाते. पुढे आम्ही स्वतः बूट पुसू लागलो, तेव्हा घरात कुजबूज झाली, "गुरुजी होऊन चामड्याला हात लावतो!" आम्ही म्हणालो, "जे पायांत घालावयास लाज नाही, ते हाती धरावयास का असावी?" कोल्हापुरी वहाणेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा आपण सारे अभिमान धरतो. तो अभिमान करणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावा. रस्त्याच्या कडेला बसून जो आपला जोडा शिवतो, त्याच्याशी घासाघीस करू नये, त्याला 'अहो' म्हणावे, आणि हे मुलांदेखत करावे.

आता हा विषय आम्ही का घेतला ते सांगतो. गतवर्षी याच सभागृहात गुणगौरव झाला. एका विद्यार्थ्याचे नाव दोनदा पुकारले. तो व्यासपीठावर आला नाही. कार्यकारिणीने पाकीट त्याच्या मातोश्रींच्या हाती दिले. कार्यक्रम संपल्यावर तो आम्हांस शेवटच्या रांगेत दिसला. पाय खुर्चीखाली ओढून बसला होता. कॅनव्हासचा बूट अंगठ्यापाशी फाटला होता. आम्ही काही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. परंतु १९७९ सालचे ते फोड आम्हांस पुन्हा ठणकले. जो मुलगा गुणांत सर्वांच्या पुढे होता, तो वीस पावले चालू शकला नाही. दोष त्याचा नव्हे. आम्हीच येथे एकमेकांच्या अंगावरील कापड व पायांतील जोडा पाहून माणसाची किंमत करीत आलो आहो. मुले ते पाहतात.

म्हणून मंडळास नम्र सूचना अशी : यंदापासून शिष्यवृत्तीच्या प्रत्येक पाकिटात, गरीब-श्रीमंत असा भेद न करता, एका साध्या काळ्या जोड्याची किंमत अधिक घालावी. नावे वाचू नयेत, अर्ज मागवू नयेत. ज्यास गरज नाही त्याने ती रक्कम निमूटपणे निधीत परत करावी. पहिल्या वर्षासाठी आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आजच खजिनदारांकडे दिली आहे. हे सांगण्यात आत्मप्रौढी वाटल्यास क्षमा करावी. हिशेब उघड असावा एवढाच हेतू.

आणि तरुणांनो, तुम्हांस शेवटचे सांगणे. जोडा नीट मापाचा घ्या, रोज पुसा, वेळेवर शिवून घ्या. परंतु तो फाटका असेल त्या दिवशीही नाव पुकारले की उठा आणि पुढे या. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे वडील अनवाणी चालत आले आहेत.