शेतात सापडलेली चकती: ओळखावी कशी?



महाळुंगे इंगळे, खराबवाडी, निघोजे ही आपली चाकणकडची गावं. बांधाच्या अलीकडे कांदा, तर पलीकडे कारखान्याची भिंत. नांगरताना, खुरपताना ढेकळातून आकडे कोरलेली एखादी चकती वर येते. कोणी ती पोराला खेळायला देतो, कोणी भंगारात घालतो. तसं करू नका. साध्या पाण्यानं माती धुवा. कानशीनं किंवा विटेनं घासू नका, अक्षरं गेली की ओळख गेली. आकडा वहीत उतरवून घ्या, सोबत तारीख आणि गट नंबर लिहा. याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

चकती लांबट, दुमडलेली, एका टोकाला अणकुचीदार असेल, तर ती बहुधा जनावराच्या कानातली. पूर्वी विमा उतरवलेल्या जनावरांना असे धातूचे बिल्ले मारीत. आता बिल्ला पिवळ्या प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर बारा आकडे असतात. सन 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून तो गावोगाव दिसू लागला. असा बिल्ला सापडला तर पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, आकड्यावरून मालक सापडतो. दुसऱ्याचा बिल्ला आपल्या गाईला लावणं ही तर शुद्ध फसवणूक. आणि आपल्याच गाईचा कान मोकळा दिसला, तर उद्यावर ढकलू नका. विम्याचं जनावर दगावलं आणि कानात बिल्ला नसला, तर भरपाई अडते. दुभत्या गाईची किंमत काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, नवा बिल्ला मारून घ्या आणि त्याचा आकडा विम्याच्या कागदावर चढवून घ्या.

अंगठीएवढं किंवा त्याहून लहान, हलकं, पांढरट कडं सापडलं आणि त्यावर इंग्रजी अक्षरं व आकडा असला, तर तो पाखराच्या पायातला वाळा समजा. मुंबईची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1927 पासून पाखरांना असे वाळे घालते. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणारी बदकं कुठून येतात, कुठे जातात, हे त्यामुळेच समजतं. आकडा, गाव आणि तारीख सोसायटीला कळवा. पाखरू जिवंत असेल तर वाळा काढू नका, आकडा वाचून सोडून द्या. मेलेलं असेल तर उघड्या हातानं उचलू नका. 2006 साली नवापूरला कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला होता, हे ध्यानात असू द्या.

मोटरीची, यंत्राची नावपट्टी सापडली तर तिचं एवढं काही नाही. मात्र पट्टीबरोबर तारांचे, पत्र्याचे तुकडेही असतात. ते वैरणीतून गाईच्या पोटात गेले, तर जाळीच्या कोठ्याला भोक पाडून थेट काळजापर्यंत पोचतात. गाय चरायची थांबते, कण्हते, पाठ कमानीसारखी करते. रस्त्याकडेची वैरण कापली की तीवरून लोहचुंबक फिरवा. लोखंड चिकटेल, ॲल्युमिनियम चिकटणार नाही, तेव्हा नजरही ठेवा. जनावर कण्हू लागलं तर 1962 या नंबरवर फोन करा.

आता तो अपवाद. पंख्याच्या तीन पात्यांसारखी खूण असलेली पाटी किंवा डबा दिसला, तर हात लावू नका, धुऊ नका, फोडू तर मुळीच नका. ती किरणोत्सारी पदार्थाची खूण आहे. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असं एक जुनं यंत्र फोडलं गेलं. त्यातल्या कोबाल्टनं अनेकजण आजारी पडले, एकाचा जीव गेला. तिथून लांब व्हा, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा, 112 वर फोन करा आणि पोलीस येईपर्यंत त्या वावरात कोणाला जाऊ देऊ नका.