होडी कोणाच्या नावावर?

(मालवण किनाऱ्यावरील मच्छीमार स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



रापण किनाऱ्याला लागली की टोपल्या घेऊन आपणच धावतो. मासे निवडतो, डोक्यावरून बाजारात नेतो, उरलेले सुकवतो. होडी घ्यायची तेव्हा बचत गटाच्या कर्जावर सहीही आपलीच. आज मला बोलायचे आहे ते होडीच्या नोंदणीच्या कागदाबद्दल.

पूर्वी त्याची फारशी कोणाला फिकीर नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावून आले. त्यानंतर नोंदणी, नौकेवरचा क्रमांक, खलाशांची ओळखपत्रे यांची तपासणी कडक झाली. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीला आळा घाला, ही तर आपल्या पारंपरिक मच्छीमारांचीच मागणी होती. तेव्हा नियम नकोत असे मी म्हणणार नाही.

पण कागदाचे वजन वाढले आणि त्यावर आपले नाव नाही. डिझेलवरच्या कराचा परतावा असो की वादळातली नुकसानभरपाई, आधी विचारतात तो हाच कागद. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर एका बाईंबरोबर मी भरपाईसाठी फिरत होते. होडी पुतण्या चालवायचा, दुरुस्तीचा पैसा बाईंचा, नोंदणी मात्र वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. "मालक कुठे आहेत?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मालक गेले, कर्ज मातर हयसरच रवला." ऐकणारे हसले. त्या हसल्या नाहीत.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. समुद्राला सातबारा नाही. होडी हीच आपली जमीन. मग तिच्या कागदावर दोघांची नावे का नकोत?

कोणी म्हणेल, "बाई कुठे समुद्रात जाते?" त्याला विचारा, ट्रॉलरचे सगळे मालक तरी कुठे रोज समुद्रात जातात?

आपल्या मागण्या तीन. नवीन नोंदणी नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावी. मालक वारल्यास वारसाची नोंद ठरावीक मुदतीत, गावातच शिबिर घेऊन व्हावी. आणि मच्छीमार सोसायटीत बाईला 'अमक्याची बायको' म्हणून नव्हे, मासेविक्रीचा धंदा करणारी म्हणून सभासदत्व मिळावे.

ही मागणी सरकारकडे नेण्याआधी आपल्या घरात बोलावी लागेल आणि तेच जास्त अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज एवढेच करा. घरी गेल्यावर तो कागद पेटीतून काढा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. पुढच्या बैठकीला तो घेऊन या. तिथून पुढे आपण मिळून चालू.