पाय दुखतोय, तरी धावायचं का?

आम्ही बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत ते आपल्या पोरींच्या पायांबद्दल.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे पाचला गावाबाहेरचा रस्ता जागा होतो. कुणाची लेक, कुणाची भाची, कुणाची सून धावत असते. मुलींच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यात ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांच्याच भरवशावर. भरती काही दरवर्षी ठरल्या वेळी निघत नाही, आणि वय कुणासाठी थांबत नाही.

अशात चाचणीला महिना राहिला आणि पाय दुखायला लागला, तर पोरगी घरात सांगतच नाही. आई म्हणेल, बंद कर ते धावणं. वडील म्हणतील, पुरे झालं, आता स्थळं बघू. म्हणून ती गप्प राहते आणि तसाच पाय रेटते. आपल्याकडं सोसणाऱ्या बाईचं कौतुक होतं ना! पण मैत्रिणींनो, हाडाला हे कौतुक कळत नाही. म्हणून कुठलं दुखणं सोसण्यासारखं आणि कुठलं नाही, हे आपण सगळ्यांनी ओळखायला शिकू.

आधी हे होतं कशामुळं ते बघू. धावताना हाडावर भार पडतो, ते किंचित झिजतं आणि विश्रांतीच्या वेळात शरीर ते पुन्हा भरून काढतं. आपल्या शेताच्या बांधासारखंच आहे हे. पावसानं थोडी माती गेली, आपण लिंपली, तर बांध आणखी घट्ट होतो. पण लिंपायच्या आत रोज पाणी धडकत राहिलं तर बांधाला चीर जाते. जाहिरात आली की पोरी एकदम दुप्पट धावायला लागतात, तेही कडक डांबरावर, झिजलेल्या बुटांनी, नाहीतर अनवाणी. भरून यायला सवडच मिळत नाही. मग नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला केसासारखी बारीक चीर पडते.

आता दुखणं ओळखायचं कसं? पोरीला तीन गोष्टी विचारायच्या.

पहिली: धावताना तुझी चाल बदलते का? सरावानंतर पोटऱ्या भरून येणं, मांड्या दुखणं, पायाला फोड येणं हे चालायचंच. दोन्ही पाय सारखे दुखतात, अंग गरम झालं की मोकळं वाटतं, तर थोडं कमी करून धावायला हरकत नाही. पण एक पाय वाचवत ती लंगडत असेल, तर त्या दिवशीचं धावणं तिथंच थांबवायचं. लंगडत धावलं की दुसऱ्या पायाचा गुडघा आणि कंबरही धरते.

दुसरी: दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतो? रात्रीच्या झोपेनंतर दुखणं गेलं असेल तर ठीक. कालच्यापेक्षा वाढलं असेल तर कालचं धावणं पायाला झेपलेलं नाही. टाचेच्या दुखण्याचं थोडं वेगळं असतं. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच टेकवत नाही, आणि चाललं की कमी होतं. ही तळपायाची शीर ताणल्याची खूण. त्याला धावणं कमी करणं, पोटरी आणि तळपाय रोज ताणणं, घरातही मऊ चप्पल घालणं यानं आराम पडतो. मात्र त्याला आठवडे लागतात, दोन दिवसांत होत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: दुखतं ती जागा एका बोटानं दाखवता येते का? हाडावर नेमक्या एका ठिकाणी दाबलं की ती कळवळते, वरून सूज आहे, धावेल तसं वाढतं आणि आता तर रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. असं असेल तर एक फेरीसुद्धा मारायची नाही. हाडाची चीर असू शकते. तिथं चोळायचं नाही, शेक देऊन वर पाय ओढूनही घ्यायचा नाही. पाय मुरगळला असेल आणि चार पावलंही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे निघतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळायला लागू नये. दुखणं तसंच असेल तर पुन्हा दाखवावं, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं की ही भरतीसाठी रोज धावते.

चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे धावणं बंद. काही हाडांना त्याहून जास्त लागतात. इथं आमचं घरच्यांना कळकळीचं सांगणं आहे. डॉक्टर विश्रांती म्हणतात, आणि आपल्या घरात त्याचा अर्थ एवढाच होतो की पोरगी पहाटे पळायला जात नाही. पाण्याचे हंडे आहेतच, गवताचा भारा आहेच, दिवसभर रानात उभं राहणं आहेच. असं केलं तर हाड जुळणार कधी? हंडा उचलला तरी भार त्याच पायावर पडतो. आमच्या गटात आम्ही ठरवलंय, अशा पोरीच्या घरचं पाणी तेवढे दिवस आळीपाळीनं भरायचं. तुम्हीही ठरवू शकता. तिनं तेवढ्या दिवसांत लेखीचा अभ्यास करावा. लेखी परीक्षा १०० गुणांची आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांसमोर कुणी बोलत नाही. खूप धावायचं आणि अर्धी भाकरी खायची, असं चाललं की पोरींची पाळी लांबते, नाहीतर बंदच होते. काही जणींना ते बरंच वाटतं, कटकट गेली म्हणून. पण ती धोक्याची घंटा आहे. शरीराला खाणं पुरत नाही, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. रक्तही तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम लवकर लागतो. धावणाऱ्या पोरीच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, उसळ, दूध-दही, शेंगदाणे, जमेल तिथं अंडं पोटभर हवं. तिनं सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाऊन भागणार नाही.

परत सुरुवात कशी करायची? डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी अर्धा तास भराभर चालून बघायचं. काही दुखलं नाही तर त्याच पायावर लंगडी घालून बघायची. तेही जमलं तर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही एक दिवसाआड. शक्यतो शाळेच्या मातीच्या मैदानावर. मग आठवड्याआठवड्यानं थोडं थोडं वाढवायचं.

आणि चाचणी दहा दिवसांवर आली असेल तर? ही खरी अवघड वेळ. नुसतं अंग दुखत असेल, फोड असतील, तर सराव कमी करून पाय ताजे ठेवावेत आणि जावं. पण हाडाची चीर असल्याचं डॉक्टर सांगत असतील, तर दुखणं मारणारी गोळी किंवा सुई घेऊन मैदानात उतरू नये. सुईनं दुखणं झाकतं, चीर झाकत नाही. त्या ८०० मीटरमध्ये हाड पुरतं मोडलं तर ही भरती जाते आणि पुढचीही हातची जाऊ शकते. चुकलेली भरती जिव्हारी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच निर्णय पोरीचा असावा. फक्त तो डॉक्टरांचं ऐकून घ्यावा, भीतीपोटी किंवा कुणाच्या टोमण्यापोटी नको.

आणि घरच्यांनी तेवढ्यात स्थळं बघायला काढू नयेत. पाय दुखतो म्हणाली की धावणं सुटणार, लग्न लागणार, हे एकदा तिच्या मनानं घेतलं, तर ती पुढं काही सांगणारच नाही. आणि लपवलेलं दुखणं कुणालाच बरं करता येत नाही.

येत्या गटाच्या बैठकीत आपल्या गावात कोण कोण पोरी धावतात त्यांची नावं काढा. त्यांना बोलवा, चहा द्या आणि विचारा, पाय कसा आहे? बोला त्यांच्याशी.