परक्याचा प्रकाश



‘नावे ठेवणे’ या मराठी वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरावेत, असा एक प्रसंग रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. १८९४ साली लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्झे यांनी हवेत दडलेला एक वायू शोधला. तो कोणाशीच संयोग पावेना, म्हणून ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आर्गॉन ठेवले गेले. १८९८ मध्ये रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स यांना त्याच कुळातील आणखी एक वायू सापडला. त्याचे नाव झेनॉन, म्हणजे ‘परका’.

या कुळाची अलिप्तता अशी की, त्याच्या अणूंचे आपसांतही फारसे जमत नाही. मात्र दाबाखालील झेनॉन सूक्ष्म छिद्रातून निर्वात पोकळीत सोडला, की तो अतिशय थंड होतो आणि क्षीण आकर्षणाने त्याच्या अणूंचे पुंज बनतात. कधी मोजक्या अणूंचे, कधी हजारोंचे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे सिंक्रोट्रॉनच्या किरणांनी अशा पुंजांची परीक्षा झाली. पुंजातील एखादा अणू ऊर्जा मिळून उद्दीपित झाला, की नवल घडते. जन्माचा तो विरक्त शेजाऱ्याला घट्ट धरतो! हा संसार सुमारे सेकंदाच्या एक कोट्यांश भागापुरता. मग ती ऊर्जा १७२ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि जोडी फुटते. निऑनच्या पुंजात पुष्कळदा याच्या उलट होते: उद्दीपित अणूला शेजारी बाहेर ढकलतात आणि तो एकटाच प्रकाशतो.

खरे महत्त्व आहे ते जोडी फुटण्याला. एरवी पुष्कळ पदार्थ स्वतः दिलेला प्रकाश पुन्हा स्वतःच शोषून घेतात. येथे तो शोषणारी घट्ट जोडी मागे उरतच नाही, आणि सुटे अणू त्या प्रकाशाला ओळख दाखवीत नाहीत. त्यामुळे झेनॉन आपल्याच प्रकाशाला पारदर्शक राहतो. इटलीत ग्रान सासो पर्वताखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड, कित्येक टन द्रवरूप झेनॉन काळोखात ठेवला गेला, तो याच गुणावर भिस्त ठेवून. विश्वातील अज्ञात कृष्णद्रव्याचा एखादा कण त्यातील अणूवर आदळला, तर उमटणारी क्षीण चमक भोवतालच्या प्रकाशसंवेदकांपर्यंत पोहोचावी, ही अपेक्षा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या पहिल्या शोधात तशी खूण आढळली नाही. चमका दिसल्या, पण त्या मुख्यतः ओळखीच्या किरणोत्साराच्या होत्या.