वेगाचा उत्सव आणि संकटकाळची तरतूद



नौकांची शर्यत ही हौसेची बाब आणि लोकांच्या जीविताचे रक्षण ही कर्तव्याची बाब. या दोहोंचा मेळ बसू शकतो काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात, ओझार्क्स सरोवराच्या काठी राहणाऱ्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. १९८८ साली तेथे सुरू झालेला 'शूटआउट' हा यांत्रिक नौकांचा मेळावा ऑगस्टच्या अखेरीस भरतो आणि त्यातून मिळणारा निधी परिसरातील अग्निशमन दले, जलबचाव पथके व अन्य सेवाभावी संस्था यांना दिला जातो.

या मेळाव्याचे मर्म समजण्यासाठी प्रथम सरोवराची हकीकत पाहिली पाहिजे. हे सरोवर निसर्गनिर्मित नाही. युनियन इलेक्ट्रिक या खाजगी कंपनीने वीजनिर्मितीसाठी ओसेज नदीवर १९२९ ते १९३१ या काळात बॅग्नेल धरण बांधले आणि त्यामागे सुमारे २२० चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण झाला. जुने लिन क्रीक गाव पाण्याखाली गेले व कॅमडेंटन हे नवे गाव वसले. जलाशयाला असंख्य फाटे असल्याने त्याचा किनारा सुमारे १,८५० किलोमीटर लांबीचा आहे. धरण खाजगी कंपनीचे असल्याने किनाऱ्याची बहुतांश जमीन खाजगी मालकीची राहिली व तेथे घरे, उपाहारगृहे आणि नौकांचे धक्के उभे राहिले. उन्हाळ्यात येथे पर्यटकांची रीघ लागते. अशा ठिकाणी एखाद्या नौकेला आग लागली अथवा कोणी पाण्यात पडले, तर वळणावळणाच्या रस्त्याने धावणाऱ्या बंबाचा उपयोग किती होणार? मदत पाण्यातूनच पोचावी लागते.

ही मदत पोचविण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक अग्निसंरक्षण जिल्ह्यांवर असते. 'जिल्हा' या शब्दाने गैरसमज होऊ नये. हे आपल्या जिल्ह्याएवढे मोठे क्षेत्र नव्हे. मतदारांनी निवडून दिलेले छोटे संचालक मंडळ त्याचा कारभार पाहते आणि मालमत्तेवरील कर हा त्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार असतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. कराच्या उत्पन्नाला मर्यादा असते, हा अनुभवही ओळखीचाच आहे. बचावनौका, पाणबुड्यांचे साहित्य, प्रशिक्षण यांचा खर्च मात्र थांबत नाही. ही तूट भरून काढण्याच्या कामी मेळाव्याचा हातभार लागतो.

मेळाव्यात भाग घेण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला वेगाचा. आखून दिलेल्या सरळ जलमार्गावरून नौका धावते आणि तिचा वेग रडारने मोजला जातो. शिरस्त्राण व तरंगजाकीट यांवाचून चालकाला पाण्यात उतरता येत नाही. प्रेक्षकांच्या नौका ठरलेल्या रेषेबाहेर थांबतात आणि बचाव पथके सज्ज असतात. दुसरा प्रकार 'पोकर रन'चा. शुल्क भरून सहभागी झालेली नौका सरोवरकाठच्या पाच ठिकाणी जाते व प्रत्येक ठिकाणी पत्त्यांच्या जोडातील एक पान घेते. अखेरीस ज्याच्या हाती सर्वोत्तम पाने, तो विजयी. येथे वेगाला मुळीच महत्त्व नाही. त्यामुळे साध्या नौकेतून आलेले कुटुंबही धनिकाच्या शेजारी बसून या कार्यात वाटेकरी होते.

शेकडो स्वयंसेवक या कामी राबतात. ज्या संस्थांना निधीचा लाभ मिळतो, त्यांचेच कार्यकर्ते व्यवस्थेसाठी उभे राहतात. निधी घेणारा हात आणि श्रम करणारा हात येथे एकच आहे. दानाने येणारा मिंधेपणा त्यामुळे उरत नाही.

या उत्सवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली एका नौकेने ताशी २४४ मैल, म्हणजे सुमारे ३९३ किलोमीटर, असा विक्रमी वेग गाठला. त्याच वर्षीच्या मेळाव्यात नौका उलटून जखमी झालेल्या एका नामांकित नौकाबांधणी व्यावसायिकाचा पुढे मृत्यू झाला. जीव वाचविण्यासाठी निधी जमविताना जीव गमवावा लागणे, ही विसंगती मन अस्वस्थ करणारी आहे. उद्देश पवित्र असला, तरी त्यामुळे धोका कमी होत नाही. तो कमी होतो नियमांनी, आणि ते कसोशीने पाळण्याने.

महाराष्ट्रातही धरणांनी मोठे जलाशय निर्माण केले आहेत. कोयनेच्या शिवसागरावर तापोळा, बामणोली भागात नौका चालतात. काठच्या ग्रामस्थांना पैलतीरी जाण्यासाठी लाँचचाच आधार असतो. आपल्याकडे ताशी २४४ मैलांच्या वेगाचे अनुकरण करण्याचे काहीच कारण नाही. परंतु गावोगावी उत्सव होतात, वर्गणी जमते, तरुणांचे हात तयार असतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची आवश्यक ती परवानगी घेऊन, जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवून, त्या वर्गणीतील काही भाग तरंगजाकिटे, दोर आणि पोहण्याचे शिक्षण यांसाठी राखून ठेवता येईल. शाळेतील शिक्षक मुलांना बचावाचे प्राथमिक धडे देऊ शकतील. पाण्याकाठच्या गावाला अशी तरतूद संकट येण्यापूर्वीच करावी लागते. संकट आल्यावर केवळ हळहळ उरते.